गुदगुल्यांचे पैसे

खान्देशात मालिश झाली हे ओळखायचं कसं? ज्याची झाली तो कण्हत असला पाहिजे. बाळाला न्हाऊ घालणारी बाई त्याला पायांवर उताणं-पालथं घालून अशी रगडते की त्याच्या रडण्यावर गल्लीतल्या बायका कुकर लावतात. बाळंतिणीची कंबर, पैलवानाची मांडी, एसटीनं शिरपूरहून आलेल्या पाहुण्याचे आंबलेले पाय, सगळ्यांना औषध एकच: कोमट तेल आणि दोन दणकट अंगठे. जिथे शेवभाजीची तर्री डोळ्यांतून पाणी काढते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तिथे हलक्या हातानं काही साध्य होतं यावर कोण विश्वास ठेवणार?

अशा मुलखात लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज आला. जळगावला राहणाऱ्या आमच्या मामांना त्यांच्या लेकीनं वाढदिवसाला त्याचं कूपन दिलं. मामा मूळचे पारोळ्याकडचे. रिटायर झाल्यापासून भरीत हाच त्यांचा पूर्णवेळ उद्योग. हिरवी वांगी काड्यांवर भाजून, मुसळीनं स्वतः ठेचून, पन्नास माणसांना ते एकहाती जेवू घालतात. असा माणूस त्या वातानुकूलित खोलीत जाऊन तासाभरानं बाहेर आला तो संतापूनच.

"गुदगुल्या करस रे तो," मामा म्हणाले, "आनि पैसा लेस!"

झालं होतं एवढंच, की तिथल्या मुलानं तेल न लावता गळ्यापाशी बोटं टेकवली आणि कातडी इकडून तिकडे हळूच सरकवली. मग काख, मग पोट, मग पाय. एक हाड वाजलं नाही. मामांना मधे झोप लागली, हा त्यांच्या मते फसवणुकीचा आणखी एक पुरावा.

गंमत अशी की मामांनी ज्यावर आक्षेप घेतला तेवढीच गोष्ट तिथे बरोबर होती.

आपल्या शरीरात रक्ताखेरीज आणखी एक पाणीपुरवठा खातं आहे. रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं जे पाणी पेशींभोवती उरतं, ते, म्हणजे लसिका, गोळा करून परत रक्तात नेऊन सोडायचं हे त्याचं काम. दिवसाला साधारण २ ते ४ लिटर. वाटेत शेकडो लसिका ग्रंथी चौकीवर बसलेल्या. जंतू दिसला की अडवायचा. लहानपणी पायात बाभळीचा काटा मोडला की जांघेत अवधान यायचं, ते या चौकीवरच्या धुमश्चक्रीमुळेच. या वाहिन्यांना लसिकावाहिन्या हे नाव दिलं डेन्मार्कच्या थॉमस बार्थोलिननं, १६५३ साली. रक्ताला हृदय आहे. या खात्याला पंपच मंजूर झालेला नाही. वाहिन्यांचं स्वतःचं बारीकसं आकुंचन, एकदिशा झडपा, आपण चालताना आवळणारे स्नायू आणि आपला श्वास, एवढ्यावर सगळं चालतं.

साक्री तालुक्यात पांझरेकाठची फड पद्धत ज्यानं पाहिली आहे त्याला हे लगेच समजेल. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या. मोटार नाही, इंजिन नाही, आणि तरी काही शतकं फडात पाणी फिरतं आहे. कुठे चारी तुंबली तर शहाणा पाटकरी वरून जोर लावत नाही, आधी पुढचं तोंड मोकळं करतो. लसिकेचं शेवटचं तोंड गळ्याच्या बुडाशी, हंसळीच्या हाडामागे आहे. तिथे ती शिरेत उतरते. म्हणून पायांपर्यंत जायचं असूनही त्या मुलानं सुरुवात गळ्यापासून केली. आणि सगळ्यांत बारीक चाऱ्या कातडीच्या अगदी खाली असतात. त्यांवर भरिताचा हात पडला तर त्या दबतात, पाणी जागच्या जागी.

हलक्या हाताच्या मालिशचं हे तंत्र बसवलं एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश नवराबायकोनं. १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये कान गावी ते मालिशचं काम करत. जुनाट सर्दीनं बेजार झालेली, गळ्यात गाठी आलेली माणसं त्यांच्याकडे येत. ग्रंथींना हात लावायचा नाही, असा तेव्हाच्या वैद्यकाचा रिवाज. यांनी लावला, पण हळूच. १९३६ साली पॅरिसमध्ये त्यांनी ही पद्धत लोकांपुढे मांडली.

आता मामांनी ज्यावर चटकन विश्वास ठेवला ते पाहू. तिथल्या पत्रकात छापलं होतं: विषद्रव्यं बाहेर, वजन कमी, चेहऱ्यावर तेज. मामांनी या वाक्याच्या भरवशावर त्याच रात्री शेवभाजीच्या दोन वाट्या जास्त घेतल्या. विषद्रव्यं गेली म्हणजे जागा झाली, असा हिशेब. पण शरीराची साफसफाई यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि तीही कूपन न मागता. मालिशनं चेहऱ्याची सूज थोड्या वेळापुरती उतरते. अंगातली चरबी मात्र तिथेच राहते. उलट अंगात संसर्ग असेल, पायात रक्ताची गुठळी असेल किंवा हृदय कमजोर असेल तर हा हलका हातसुद्धा महागात पडतो. एकच पाय अचानक सुजला तर आधी डॉक्टर.

मग याचा खरा उपयोग कुणाला? तो मामांना धुळ्यात दिसला, सख्ख्या बहिणीच्या घरी. मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या ग्रंथी काढल्या, आणि काही महिन्यांनी त्या बाजूचा हात फुगू लागला. बांगड्या चढेनात. चौक्यांबरोबर रस्ताही गेला होता. फिजिओथेरपिस्ट ताई घरी येऊन आधी गळा, मग दुसऱ्या बाजूची काख मोकळी करायच्या आणि हातातलं पाणी त्या वाटेला वळवायच्या. वर थराथरांचे पट्टे, पुढे घट्ट बाही, रोज व्यायाम, कातडीला चीर पडू न देणं. खरं ओझं या पट्ट्यांनी आणि व्यायामानंच उचललं. मालिश जोडीला होती. विदर्भात हत्तीरोगाच्या रुग्णांनाही हेच सांगतात: पाय रोज धुवा, कोरडा ठेवा, उंच ठेवा, हलवा.

ज्यांच्या काखेत सगळं जागेवर आहे त्यांच्यासाठी ताईंचा सल्ला फारच स्वस्त होता. चाला, पोटातून श्वास घ्या. तेव्हापासून मामा रोज सकाळी मेहरुण तलावावर जातात आणि भेटेल त्याला थांबवून सांगतात, "मी फुकटात ड्रेनेज करतोय, भो." थांबून सांगण्यात चालणं निम्मंच होतं, पण छाती भरून बोलतात, म्हणजे श्वासाचा भाग तरी होतो.

धुळ्याला गेले की मावशीच्या मनगटाखालच्या भागाला ते स्वतः हात लावतात. ताईंनी शिकवलं आहे. पहिल्या दिवशी त्यांचा अंगठा रुतताच ताई ओरडल्या, "काका, हे वांगं नाही!" मामा दचकले, बोटं सैल सोडली, आणि सगळ्या घरादाराला लसिका म्हणजे काय ते समजावत बसले. गळ्यापासून सुरुवात, झडपा, पांझरेचा पाट, सगळं. मावशी डोळे मिटून पडून होती. शेवटी म्हणाली, "हात आते ठीक शे रे भाऊ. आते जरा तोंड बी हलकं ठेव."