वैध प्रवासी

कलमकाकांनी आयुष्यात कधी विनातिकीट प्रवास केलेला नाही. तरीही दादरच्या पुलावर टीसीसमोर सर्वांत जास्त वेळ उभा राहिलेला प्रवासी शोधायचा म्हटला, तर तो मान त्यांनाच जाईल. फुकटे दंड भरून वाटेला लागतात. काका पास दाखवून अडकतात.

त्यांचं खरं नाव डब्यात कुणी घेत नाही. डोंबिवलीहून सकाळची फास्ट, मधला डबा, तीन माणसांच्या बाकावर चौथी सीट. अर्धं बूड टेकलेलं, अर्धं अधांतरी, मांडीवर बॅग आणि तोंडात रेल्वे कायदा, १९८९. दारात कुणी लोंबकळला की काका पुटपुटतात, “एकशे छप्पन.” रूळ ओलांडताना कुणी दिसला की, “एकशे सत्तेचाळीस.” चुकून लेडीज डब्यात चढलेला एखादा पुढच्या स्टेशनावर धावत आमच्या डब्यात आला, की त्याची धाप खाली बसायच्या आत, “एकशे बासष्ट.” भजनी मंडळाच्या ढोलकीवाल्याला मात्र त्यांनी अजून कुठलंच कलम लावलेलं नाही. काकांची जागा तोच धरून ठेवतो.

तुमच्या-माझ्या लेखी तिकीट एकतर असतं किंवा नसतं. काकांना हा अडाणीपणा वाटतो. तिकीट नुसतं असून काय उपयोग, ते लागू असायला हवं. कुठून, कुठपर्यंत, कुठल्या मार्गाने, कुठल्या वर्गात, किती वाजेपर्यंत आणि कुणाचं, एवढ्या प्रश्नांची उत्तरं मनासारखी आली तर ते तिकीट. नाहीतर रद्दी. फोर्टातल्या एका पेढीत हिशेब लिहिण्यात त्यांची उमर गेली आहे. व्हाउचर हातात आलं की आधी ते खोटं आहे असं धरायचं आणि मग खरं ठरवत आणायचं, ही तिथली सवय त्यांनी तिकिटालाही लावली. स्वतःच्या तिकिटाला तर सगळ्यांत जास्त.

एकदा डब्यात कॉलेजचा एक मुलगा चढला. नवखा होता, काकांशेजारी उभा राहिला हीच त्याची चूक.

“मोबाइलवर काढलंस का तिकीट? दाखव बघू.”

त्याने दाखवलं.

“हा स्क्रीनशॉट तर नाही? स्क्रीनशॉट चालत नाही.”

“नाही काका, ॲपमध्येच आहे.”

“बंद करून परत उघड.”

उघडलं.

“बॅटरी किती राहिलीय?”

“बावीस टक्के.”

काकांनी नुसतं “हं” केलं. ह्या “हं”ने भलेभले खचलेले आहेत. “दादर यायच्या आत मोबाइल बंद पडला, तर तू विनातिकीट. पैसे भरलेस, तिकीट आलं, तरी विनातिकीट. बरं, काढलंस किती वाजता? आणि गाडीत पाय किती वाजता ठेवलास?”

मुलगा ठाण्याला उतरला. खिडकीवर रांग लावून त्याने कागदाचं दुसरं तिकीट काढलं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. ते ऐकून काकांना वाईट वाटेल असा आमचा समज. काका म्हणाले, “म्हणजे त्याच्याकडे दोन तिकिटं झाली. मग दादरपर्यंतचा प्रवास त्याने नेमका कुठल्या तिकिटावर केला?” आणि ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

त्यांना घडवलं ते कुपनांनी. मुंबईच्या फलाटांवर कुपनांची ती यंत्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. कुपनांची पुस्तिका आधीच विकत घ्यायची, भाड्याइतकी कुपनं जुळवून फाडायची, एकेक यंत्राच्या फटीत सारायचं; यंत्राने त्यावर स्टेशन, तारीख आणि वेळ उमटवली की झालं तिकीट. फक्त ते उमटायला हवं. यंत्रातली शाई बहुधा सणावारीच भरत असावेत. कधी तारीख उमटे पण वेळ नाही, कधी नुसताच एक जांभळट ओरखडा. मागे रांग, समोर गाडी लागलेली. बाकीचे ओरखडा घेऊन पळत. काका तिथेच कुपन उजेडाकडे धरून उभे. एकदा पुसट आलं म्हणून त्यांनी तेच कुपन दुसऱ्या यंत्रात घातलं. टीसीने विचारलं, दोन शिक्के कसे? पुढच्या खेपेला काकांनी पुसट आकड्यांवरून बॉलपेन फिरवलं. टीसी म्हणाला, ही खाडाखोड आहे. त्यानंतर काकांनी कुपनाला हात लावला नाही आणि जवळपास जायचं असलं तरी पास काढायला लागले. पासाच्या प्लास्टिकच्या पाकिटात पुढे पास, पासावर नंबर असलेलं ओळखपत्र, मागे गजानन महाराज, त्याच्याही मागे गेल्या महिन्याचा पास, आणि वरून रबरबँड. गेल्या महिन्याचा कशाला, असं विचारलं तर म्हणतात, “खंड पडला नाही हे दाखवायला.” असं अजून कुणी मागितलेलं नाही. पण मागितलं तर?

काकांची चेष्टा करणं सोपं आहे, पण पूर्ण दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. लोकलच्या तिकिटावर एवढ्या अटी, आणि छपाई चष्मा लावूनही वाचवत नाही. डोंबिवलीहून अंधेरीला एकच तिकीट मिळतं, त्यावर व्हाया दादर असतं. मग कुर्ल्याला उतरून हार्बरने वडाळ्यामार्गे अंधेरीला गेलं तर? स्टेशन तेच, डबा तोच, माणूस तोच, वाट वेगळी. हे दहा जणांना विचारावं आणि दहा उत्तरं घ्यावीत. त्यात रेल्वेला स्टेशनांची नावं बदलायची हौस. व्हीटीचं १९९६ साली सीएसटी झालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आले. २०१८ च्या जुलैत एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं तेव्हा डब्यातल्या एकाचा तीन महिन्यांचा पास एल्फिन्स्टन रोडचा होता. काकांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि जड आवाजात म्हणाले, “जे स्टेशनच राहिलं नाही, त्याचा पास.” तो बिचारा दोन दिवस परळला उतरून चालत गेला. २०२३ च्या डिसेंबरात दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे आकडे दिले, तेव्हा काका आठवडाभर खुशीत होते. लोकांना रस्ता सांगायला निदान एक विषय मिळाला.

मुलांच्या अर्ध्या तिकिटाचंही तसंच. पाच वर्षांच्या आतलं मूल फुकट. एका बाईंच्या कडेवर मुलगी होती, फुगा होता, नवा फ्रॉक होता. “वाढदिवस वाटतं?” असं आम्ही कौतुकाने विचारलं. “हो, आज पाचवं पूर्ण झालं.” काकांनी घड्याळ पाहिलं. “जन्म किती वाजताचा?”

ह्या सगळ्याचा कळस मेगाब्लॉकच्या रविवारी. काका-काकू मुलुंडला साखरपुड्याला निघालेले. काकांचा पास, काकूंचं तिकीट. लोकलच्या तिकिटावर तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो. फलाटावर माणसं मावेनात आणि मुंबईकडची गाडी येईना. पंचेचाळीस मिनिटं झाली तसे काका अस्वस्थ. प्रवास सुरू कधी झाला धरायचा? स्टेशनात शिरलो तेव्हा, गाडीत पाय ठेवला तेव्हा, की गाडी हलली तेव्हा? पहिलं धरलं तर आपण सुटलो, पण मग स्टेशनात चार तास बसणाराही सुटला, म्हणजे ते काही खरं नव्हे. गाडी हलली तेव्हा असं धरलं, तर चूक रेल्वेची आणि दंड आपल्याला. मधलंच बरोबर असणार, पाय ठेवणं. तास भरायला दोन मिनिटं होती. समोरच्या फलाटावर कल्याणची गाडी लागली होती. काकांनी काकूंना पूल चढून-उतरून तिकडे नेलं आणि म्हणाले, “पाय ठेव आत.”

पैठणी सावरत काकूंनी ठेवला.

“झाला प्रवास सुरू. आता उतर.”

काकू उतरल्या. गाडी गेली. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, पण उलट्या दिशेने ना?”

दिशेचा मुद्दा काकांच्या ध्यानातच आला नव्हता. साखरपुड्यात त्यांनी जेवणाला हात लावला नाही. मुलुंडला कुणी तिकीट विचारलंच नव्हतं, हा आणखी वेगळा सल.

काकूंना कायद्याचा गंध नाही आणि त्यामुळे त्यांचं कुठे अडत नाही. एसी लोकल मध्य रेल्वेवर आली त्या सुमारास दोघं घाटकोपरला उभे होते. गाडी आली, काकू गार हवा लागली म्हणून चढल्या. काका, गाडी एसी आहे, आपलं तिकीट साधं आहे, हे बोर्डावर वाचत राहिले आणि दार आपोआप मिटलं. काकूंचं तिकीट काकांच्या खिशात. गाडीत टीसीने विचारलं. “तिकीट ह्यांच्याकडे आहे.” “हे कुठे आहेत?” “बाहेर.” काकूंनी अडीचशे रुपये अधिक भाडं भरून पावती घेतली आणि रिकाम्या सीटवर ठाण्यापर्यंत मस्त डुलकी काढली. काका मागच्या लोकलने उभ्याने आले. वाटेत त्यांना एकच घोर. चढल्याच्या स्टेशनबद्दल संशय असला तर भाडं गाडी मुळात सुटली तिथपासून लावता येतं, कलम १३८. म्हणजे घाटकोपरपासून घेतलं की सीएसएमटीपासून? पावती हातात पडल्यावर त्यांनी ती दोनदा तपासली, बरोबर निघाली, आणि फाइलला लावली.

आता दादरचा पूल. तपासणी लागली की जिन्याच्या तोंडाशी काळे कोट दिसतात आणि गर्दीचा वेग बदलतो. गंमत अशी की चाचपडायला लागतात ती तिकीटवाली माणसं. ह्या खिशातून त्या खिशात, बॅगेची तिसरी चेन, डब्याची पिशवी. पास असूनही तोंडाला कोरड. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो फोन कानाला लावतो, भुवया चढवतो आणि “हो सर, दोन मिनिटांत पोचतो” म्हणत सरळ चालत राहतो. त्याच्या चालण्यात जी खात्री असते ती पासवाल्याला जन्मात येत नाही.

काका मात्र वाट वाकडी करून टीसीपुढे जातात. तिथे बहुतेक एक मॅडम असतात. त्यांनी हात पुढे केला की काका रबरबँड काढतात, तो मनगटावर चढवतात, पास आणि ओळखपत्र वेगळं करून देतात.

“ठीक आहे काका, जा.”

“आधी हे सांगा. पास सीएसएमटीपर्यंतचा आहे. मी मधेच दादरला उतरलो. चालतं?”

“चालतं.”

“कुठे लिहिलंय?”

मॅडमनी पहिल्यांदा सांगून पाहिलं, मग हसून पाहिलं, मग त्या त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तेवढ्या वेळात काकांच्या पाठीमागून जे जे जायचं ते सगळं निघून गेलं. पुढेपुढे हे जाणकारांना कळलं. दोन पोरं तर सकाळी डब्यात काकांना आदबीने विचारायची, “काका, आज दादरलाच ना? मधल्या पुलाने?” काकांना वाटे, तरुण पिढी सुधारते आहे.

शेवटी मॅडमनीही वाट काढली. एका सोमवारी काका समोर आल्यावर त्यांनी हात पुढेच केला नाही. “जा काका.”

काका थांबले. “पास बघा ना.”

“तुमचा पास काय बघायचा.”

“काल संपला असेल तर?”

“संपलाय?”

“ते बघायचं काम तुमचं आहे.”

मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. “काका, कलम चोपन्न काय म्हणतं हो?”

काकांचा चेहरा उजळला. “रेल्वे कर्मचाऱ्याने मागितल्यावर प्रत्येक प्रवाशाने आपला पास अथवा तिकीट तपासणीसाठी...”

आणि ते थबकले.

“मी मागितला?” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी काकांच्या खांद्यावरून मागच्या फोनवाल्याला हाक मारली, “ओ सर, दोन मिनिटं इकडे.” मधल्या पुलाची माहिती काढून आलेली ती दोन पोरंही त्याच झटक्यात सापडली.

काका कठड्याला टेकून उभे. मनगटावर रबरबँड, हातात पास, दुसऱ्या हातात ओळखपत्र. कायद्यात पळवाट शोधणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, पण कायद्याच्या आधाराने कुणी त्यांना असं मोकळं सोडून देईल ह्याची तयारी नव्हती. दोन-तीन मिनिटं ते तसेच होते. मग पलीकडच्या जिन्याशी त्यांना एक नवा टीसी दिसला. कोवळा, कोट थोडा मोठा, पावतीपुस्तक कोरं. काका त्याच्यासमोरून गेले. त्याने बघितलं नाही. काका परत आले, पुन्हा गेले, या वेळी जरा चोरट्यासारखी मान खाली घालून, भिंतीच्या कडेकडेने.

“ओ काका! तिकीट?”

“आधी हे सांगा,” काका म्हणाले.