मुहूर्त सापडला तर कळवा

लग्नपत्रिका हातात पडली की माणूस तीन गोष्टी शोधतो: दिवस, वेळ आणि कार्यालय. (चौथी, जेवण किती वाजता, ती तो तोंडाने विचारत नाही.) नेमक्या याच गोष्टी पत्रिकेत सर्वांत बारीक टायपात असतात. वर कुलदेवता, मग ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’, दोन्हीकडचे आजी-आजोबा, मधोमध वळणदार अक्षरांत वधूवर, तळाशी मामाच्या लग्नाला यायचा आग्रह करणारी किलबिल. आणि या सगळ्यांनी पाय पसरून उरलेल्या बोटभर जागेत मुहूर्त अंग चोरून बसलेला. पानावर मोठं काय आणि बारीक काय, हे वाचणाऱ्याच्या गरजेवरून ठरावं, हा मांडणीचा पहिला धडा. आपण ते मानपानावरून ठरवतो. चौकातल्या फ्लेक्सवर तर शुभेच्छुकांचे चेहरे हुद्द्यानुसार लहान लहान होत जातात आणि ज्याचा वाढदिवस, त्याचं नाव शोधावं लागतं.

मुहूर्ताभोवती जरा जागा मोकळी सोडा म्हटलं, तर पैसे मोजणाऱ्याचा सवाल असतो, की अख्ख्या कागदाचे पैसे दिलेत तर तो कोरा का सोडायचा? तीन माणसांच्या बाकावर चौथी सीट मागणाऱ्यांना हा सवाल रास्तच वाटणार. पण कोरी जागा म्हणजे काहीच नाही, हा समज संगणकाने पक्का केला. खिळ्यांच्या छपाईत दोन शब्दांमधली मोकळीकसुद्धा धातूची असे. जुळारी ती हाताने उचलून बसवायचा. दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत, म्हणून त्या अंतराला इंग्रजीत आजही ‘लेडिंग’ म्हणतात. देवनागरीला हे अंतर रोमनपेक्षा जास्त लागतं, कारण आपलं अक्षर तिमजली: डोक्यावर मात्रा, वेलांट्या, रफार, पायाशी उकार. ओळी दाटीने बसवल्या की वरच्या ‘गुरुपुत्रा’चे उकार खालच्या ‘कीर्ती’च्या रफारात अडकतात आणि वधूवरांआधी त्यांचंच लग्न लागतं.

आत्याचं नाव गाळलं तर होणारं भांडण मिटवायला टायपोग्राफीचं कुठलंही पुस्तक येणार नाही, हे मान्य. पण नावं गाळायची कशाला? मागच्या पानावर एकाच टायपात, ऐसपैस ओळींत छापा. आत्या आपलं नाव कुठूनही शोधून काढते. फाँटही दोन पुरेत. पाच घातले की पत्रिका सर्वपक्षीय बैठकीसारखी दिसते. आणि छापायला टाकण्याआधी प्रूफ घरातल्या सत्तरीच्या माणसाच्या हातात देऊन मुहूर्त विचारा. चटकन सांगता आला नाही, तर एखादा गणपती कमी करा. चार कोपऱ्यांत चार आहेत.