आमच्या गावचं क्रियापद

एडिंबरा

ती. बापूकाकांस सुनीताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

परवा फोनवर अबोली मागून “बाबांनी मला बर्क केलं!” असं ओरडली आणि तुम्ही ह्यांची हजेरी घेतलीत, पोरीवर हात उगारतोस म्हणून. कुणी कुणाला हात लावलेला नाही. ते इथलं गाववालं क्रियापद आहे. पूर्वी मात्र त्यात माणूस दगावायचा.

इथे वेस्ट पोर्ट भागात हेअर नावाचा इसम भाडेकरू ठेवी. 1827 च्या नोव्हेंबरात त्याचा एक पेन्शनर भाडेकरू चार पौंड थकवून वारला. आपल्याकडे घरमालक फार तर डिपॉझिट दाबतो. हेअरने आणि बर्क नावाच्या त्याच्या सोबत्याने मढंच विकलं, डॉक्टर नॉक्सच्या शवविच्छेदनाच्या वर्गाला, साडेसात पौंडांना! विद्यार्थी उदंड, कायद्याने मिळणारी प्रेतं मोजकी, त्यामुळे भाव चढा. मग पुढचा गडी आपणहून मरायची वाट कोण बघतो? वर्षभरात दोघांनी सोळा जीव घेतले. आधी दारू पाजायची, मग छातीवर बसून नाकतोंड दाबायचं. अंगावर वळ नाही, मालाला खोट नाही.

हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्कला 28 जानेवारी 1829 रोजी भर रस्त्यात फाशी दिलं, तेव्हा गर्दीच ओरडत होती, ‘बर्क करा त्याला!’ पुढे त्याचंही विच्छेदन झालं. सांगाडा इथल्या विद्यापीठात आहे, आणि त्याच्या कातड्याचं पाकीट सर्जन्स हॉलच्या संग्रहालयात. अबोलीची शाळेची सहल तिथे गेली होती. आमची राणीच्या बागेत जायची.

नंतर शब्द सोवळा झाला. गळ्याऐवजी प्रश्न दाबू लागला. चर्चा बर्क करतात, चौकशी बर्क करतात. तेही आता जुन्या वळणाच्या इंग्रजीतच. वाण्याच्या दुकानात बोलाल तर तो तोंडाकडे बघत राहील. आपणही कागदावरच्या खाडाखोडीला ‘ध चा मा’ म्हणतो, तेव्हा नारायणराव पेशव्यांसाठी कोण हळहळतं?

मला राग आहे तो नॉक्सचा. दारात ताजी प्रेतं येत होती आणि एवढ्या विद्वानाला ‘कुठून आणलंत?’ विचारावंसं वाटलं नाही. त्याच्यावर खटलाही झाला नाही. नव्या अर्थाने खरं बर्क करणारा तोच, पण शब्दकोशात नाव लागलं मजुराचं. 1832 साली कायदा करून बेवारस प्रेतं डॉक्टरांना दिली, म्हणजे पुन्हा गोरगरिबांचीच.

तर, अबोलीने विचारलं, “कुत्रा कधी आणायचा?” आणि ह्यांनी पावसाचा विषय काढला. गुन्हा एवढाच.

काकूंना नमस्कार. मेतकूट पोचलं.

आपली,
सुनीता

ता. क. विहिरीच्या पंपाच्या हिशेबाचं मी मागच्या पत्रात विचारलं होतं. तुमच्या उत्तरातलं आंब्याच्या मोहोराचं वर्णन फार आवडलं.