काळजीवाहू मंडळींचा फुटबॉल

बायकांच्या प्रकृतीची सर्वाधिक काळजी जगात कुणी वाहिली असेल, तर ती फुटबॉल संघटनांच्या पुरुष पदाधिकाऱ्यांनी. वैद्य, सुईणी आणि सासवा यांचा नंबर त्यानंतर लागतो. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की, हा खेळ स्त्रियांना मुळीच मानवणारा नाही, सबब त्याला उत्तेजन देऊ नये आणि संलग्न क्लबांनी आपली मैदानं बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत. ठरावाला एक पुरवणीही होती. बायकांच्या धर्मादाय सामन्यांच्या उत्पन्नातला फार मोठा हिस्सा खर्चातच जातो, अशी तक्रार तीत होती. प्रकृतीची काळजी आणि हिशेबाची काळजी, दोन्ही एकाच कागदावर.

या काळजीला निमित्त घडलं होतं. वर्षभरापूर्वी, १९२० च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ हा प्रेस्टनचा संघ सेंट हेलेन्सच्या मुलींशी खेळला. आत ५३ हजार प्रेक्षक होते आणि आत शिरता न आलेले हजारो लोक बाहेर ताटकळत होते. ‘बायकांचा खेळ बघतो कोण?’ हा हुकमी प्रश्न त्या दिवशी बाद झाला, कारण बघणारे रस्ता अडवून उभे होते. तेव्हा प्रकृतीचा मुद्दा काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

‘डिक, कर’ हे त्या मुलींच्या कारखान्याचं नाव. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि तिथे दारूगोळा बनवण्याचं काम बायकांकडे आलं. ब्रिटनभरच्या अशा कारखान्यांत टीएनटी हाताळणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडायची. लोक त्यांना कॅनरी पक्षी म्हणायचे. पगार पुरुषांपेक्षा कमी. स्फोटकं भरताना जे शरीर दणकट होतं, ते चेंडूला लाथ मारताना एकाएकी नाजूक झालं. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, कारखान्यांतली युद्धापूर्वीची रीत पूर्ववत करण्याचा कायदा झाला आणि पुरुषांच्या जागा पुरुषांना परत मिळाल्या. कामाची जागा आधी गेली, दोन वर्षांनी खेळाची.

ती बंदी उठायला १९७१ साल उजाडलं. ‘डिक, कर’ संघाची सर्वात गाजलेली खेळाडू लिली पार. पोटासाठी तिने मनोरुग्णालयात परिचारिकेची नोकरी केली आणि १९५१ पर्यंत ती खेळत राहिली. असोसिएशनला अपेक्षित असलेला शारीरिक ऱ्हास तब्बल तीस वर्षं लांबणीवर पडला.

काळजीला देशांच्या सीमा नसतात. ब्राझीलमध्ये १९४१ साली फतवाच निघाला. स्त्रीच्या प्रकृतिधर्माशी न जुळणारे खेळ बायकांना बंद झाले, ते १९७९ पर्यंत. ज्या देशात पोरगं चालायला लागण्याआधी चेंडू लाथाडतं असं कौतुकाने सांगतात, त्या देशात पोरगी मात्र अडतीस वर्षं कायद्याने घरी होती. पश्चिम जर्मनीच्या महासंघाने १९५५ मध्ये दार लावलं आणि १९७० मध्ये ते किलकिलं केलं. खेळा म्हणाले, पण सामना ७० मिनिटांचा, चेंडू हलका, बुटांना खिळे नाहीत आणि हिवाळ्यात सुट्टी. सर्दीसुद्धा होऊ नये, इतकी ही माया.

पुढे १९८९ मध्ये याच पश्चिम जर्मनीच्या बायकांनी युरोपीय अजिंक्यपद पटकावलं. महासंघाने प्रत्येकीला बक्षीस दिलं कॉफीच्या कपबशांचा संच. रुखवतात मांडावा असा, फुलाफुलांचा. विजेतेपद मिळालं म्हणून काय झालं, शेवटी पाहुण्यांना कॉफी तर द्यावीच लागणार!

१९९१ साली फिफाने चीनमध्ये बायकांची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. तिला ‘विश्वचषक’ म्हणण्याचं धाडस मात्र झालं नाही. ते पवित्र नाव उगाच विटायला नको, म्हणून ‘एम अँड एम्स’ या चॉकलेट गोळ्यांच्या नावाने करंडक दिला. सामने ८० मिनिटांचे ठेवले. उरलेली दहा मिनिटं बहुधा बायकांच्या तब्येतीसाठी राखीव असावीत. अंतिम सामन्यात अमेरिकेच्या मिशेल एकर्सने नॉर्वेविरुद्ध निर्णायक गोल केला तो ७८ व्या मिनिटाला. दोन मिनिटं उशीर झाला असता, तर सामना जादा वेळेत गेला असता आणि काळजीवाहूंवर मोठाच प्रसंग ओढवला असता.

एकविसाव्या शतकात प्रकृतीचा विषय जुना झाला आणि काळजी कपड्यांवर आली. २००४ साली फिफाचे तत्कालीन अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी महिला फुटबॉलची लोकप्रियता वाढवण्याचा उपाय सुचवला. प्रशिक्षण नाही, मैदानं नाहीत, पगार तर नाहीच. व्हॉलीबॉलमधल्यासारख्या जरा तंग चड्ड्या घालाव्यात, एवढंच. २०१८ मध्ये जगातल्या सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूला पहिल्यांदाच बॅलन डी’ऑर दिला गेला. ‘पहिल्यांदाच’ म्हणजे पुरुषांना तो देऊ लागल्यानंतर ६२ वर्षांनी. नॉर्वेची आडा हेगरबर्ग मंचावर आली, तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या फ्रेंच डीजेने तिला विचारलं, कंबर हलवून नाचता येतं का? ती ‘नाही’ म्हणाली. गोल कसे करतेस, हे विचारण्याची ती जागा नसावी.

२०२३ साली स्पेनच्या बायका सिडनीत जगज्जेत्या झाल्या आणि पदकं देताना त्यांच्याच महासंघाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांनी जेनी एर्मोसो हिचं तिच्या संमतीविना चुंबन घेतलं. पुढे भर सभेत त्यांनी ‘राजीनामा देणार नाही’ असं पाच वेळा बजावलं. सहाव्यांदा काही म्हणायच्या आत, सप्टेंबरमध्ये, राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी धरून १०,८०० युरोंचा दंड केला.

आता पैशांकडे वळायला हरकत नाही, कारण काळजीचा खरा मुक्काम तिथेच असतो.

८ मार्चला आपल्याकडच्या कचेऱ्यांत बायकांना गुलाबाचं फूल मिळतं, साहेबांचं भाषण मिळतं आणि कुठेकुठे चहाबरोबर ढोकळाही मिळतो. २०१९ च्या ८ मार्चला अमेरिकेच्या महिला संघातल्या २८ जणींनी गुलाबाची वाट न बघता आपल्याच महासंघावर वेतनातल्या भेदभावाची फिर्याद लावली. चार महिन्यांनी त्यांनी फ्रान्समध्ये विश्वचषक जिंकला आणि लियोनच्या मैदानावर प्रेक्षकांनी ‘समान वेतन’ असा घोष केला. महासंघाच्या वकिलांना मात्र हा घोष ऐकू गेला नसावा. २०२० च्या मार्चमध्ये समोर आलेल्या कागदपत्रांत त्यांचा युक्तिवाद होता की, पुरुष संघाच्या कामाला कौशल्य अधिक लागतं आणि त्यात जबाबदारीही मोठी असते.

कुठल्या पुरुष संघाच्या? जो २०१७ मध्ये जेमतेम १४ लाख वस्तीच्या त्रिनिदाद-टोबॅगोकडून हरून पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाला मुकला, त्या. बायकांच्या खात्यावर तोवर चार विश्वचषक आणि चार ऑलिंपिक सुवर्णपदकं होती. जबाबदारी पुरुषांची मोठी हे कबूल करायलाच हवं. असा पराभव देशाला समजावून सांगणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे.

तसा हा युक्तिवाद महाराष्ट्रातल्या बांधावर वकिलाशिवाय ऐकायला मिळतो. गड्याचा रोज वेगळा, बाईचा रोज वेगळा. दिवसभर वाकून खुरपायचं, कापूस वेचायचा, ते हलकं काम. पाठीवर पंप घेऊन फवारायचं, ते जड, म्हणून कौशल्याचं आणि जबाबदारीचं. समान मोबदल्याचा कायदा देशात १९७६ साली आला. तो दिल्लीहून निघाला आहे, बऱ्याच शिवारांत अजून पोचायचा आहे.

महासंघाचा तो युक्तिवाद बाहेर आल्यावर अमेरिकेच्या खेळाडूंनी पुढच्याच सामन्याआधी सरावाच्या जर्सी उलट्या घातल्या. महासंघाचं बोधचिन्ह झाकलं गेलं आणि चार विश्वचषकांचे चार तारे तेवढे दिसत राहिले. अध्यक्ष कार्लोस कोर्देरो यांना जावं लागलं. पण मे महिन्यात न्यायाधीशांनी वेतनाचा दावा फेटाळला. बायकांनी वेगळ्या धाटणीचा करार स्वतःच मान्य केला होता आणि एकूण रक्कम पाहता त्यांना पुरुषांपेक्षा कमी मिळालेलं नाही, असा निकालाचा आशय. हिशेब बिनचूक होता. पुरुषांपेक्षा जास्त सामने खेळून आणि जास्त जिंकून बायकांनी पुरुषांएवढे पैसे मिळवले होते, मग तक्रार कसली? शेवटी २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली आणि दोन्ही संघांनी विश्वचषकाच्या बक्षिसाची रक्कम एकत्र करून वाटून घ्यायचं ठरलं.

त्या वाटणीचा पहिला हप्ता पाहण्यासारखा आहे. २०१५ आणि २०१९ असे सलग दोन विश्वचषक जिंकल्याबद्दल अमेरिकेच्या बायकांना फिफाकडून मिळाले २० लाख आणि ४० लाख, म्हणजे एकूण ६० लाख डॉलर. २०२२ मध्ये कतारला पुरुष शेवटच्या सोळांत हरले आणि १ कोटी ३० लाख डॉलर घेऊन आले. बायकांच्या फुटबॉलमधला किफायतशीर मार्ग कोणता, हे त्यावरून कळलं. पुरुषांना हरायला पाठवायचं आणि घरी बसून निम्मा वाटा घ्यायचा.

भारतात परिस्थिती वेगळी आहे. इथे आधी खेळायला मिळावं लागतं, मग पगाराचं भांडण.

खरं तर सुरुवात झोकात झाली होती. १९७५ मध्ये महिला फुटबॉलसाठी स्वतंत्र महासंघ उभा राहिला. १९८० च्या सुरुवातीला कालिकतला आणि १९८३ मध्ये बँकॉकला भारताच्या मुली आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या. बंगालची शांती मलिक, गोव्याची योलांडा डिसोझा ही त्या काळातली नावं. शांतीला १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे नव्वदच्या दशकात पुरुषांच्या महासंघाने महिला फुटबॉल मायेने पदराखाली घेतला. २००३ नंतर आशिया चषकात भारताचा महिला संघ दिसला तो थेट २०२२ मध्ये, तोही यजमान म्हणून. स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होती. इराणशी गोलशून्य बरोबरी झाली आणि दुसऱ्या सामन्याआधी कोविडने संघ असा पोखरला की १३ खेळाडूही उभ्या करता येईनात. यजमान स्पर्धेतून बाद, पाहुणे खेळत राहिले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघावर बंदी घातली. भांडण पदाधिकाऱ्यांचं होतं. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९ पासून अध्यक्ष होते. मुदत संपली, निवडणूक होईना, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात प्रशासक समिती नेमली, आणि बाहेरचा हस्तक्षेप खपवून घेणार नाही, असं फिफाने सुनावलं. अकरा-बारा दिवसांत बंदी उठली. पण तेवढ्यात गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. त्यांना न खेळताच परतावं लागलं. खुर्ची पुरुषांची, शिक्षा बायकांना. कामाची ही वाटणी मात्र कुठल्याही कराराविना सुरळीत चालते.

ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला. भारताची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अस्तम उरांव. मुलगी देशाची कर्णधार झाली, तेव्हा तिच्या घरापर्यंत रस्ता नाही, हे प्रशासनाच्या ध्यानात आलं आणि काम सुरू झालं. त्या रस्त्यावर रोजंदारीने खडी-माती वाहायला तिचेच आईवडील होते. वर्तमानपत्रांनी त्यांचा रोजही छापला, अडीचशे रुपये. लेकीच्या सन्मानार्थ रोजगारनिर्मिती झाली, असं कुणा अधिकाऱ्याने अहवालात लिहिलं नसेल, तर ती संधी वाया गेली म्हणायची.

एवढं सगळं पार करून जुलै २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच घरात २-१ असं हरवलं आणि पात्रता फेरी जिंकून आशिया चषकात प्रवेश मिळवला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या रात्री महाराष्ट्रात फटाके उडाले नाहीत. ते नोव्हेंबरसाठी राखून ठेवले होते.

२ नोव्हेंबरला नवी मुंबईत महिला क्रिकेट संघाने विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज घराघरांत पोचल्या. बीसीसीआयने ५१ कोटींचं इनाम जाहीर केलं. आदल्या वर्षी पुरुषांनी टी-२० विश्वचषक जिंकला, तेव्हा ते १२५ कोटी होतं. समानतेबद्दल मात्र बोर्डाला कुणी बोल लावू शकत नाही, कारण ती २०२२ च्या ऑक्टोबरमध्येच जाहीर झाली आहे. कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-२० ला ३ लाख; बाई असो वा बुवा, सामन्याचं मानधन सारखं. ज्या २०२२ सालात ही घोषणा झाली, त्या सालात महिला संघाला एकही कसोटी मिळाली नाही. त्याआधी २०१४ ते २०२१ अशी जवळजवळ सात वर्षं त्यांनी कसोटीचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि २०२४-२५ च्या वार्षिक करारांत पुरुषांच्या सर्वात वरच्या श्रेणीला ७ कोटी रुपये होते, महिलांच्या सर्वात वरच्या श्रेणीला ५० लाख.