अपूर्णांक शिकवा, पण बेतानं
(नव्यानं रुजू झालेल्या गुरुजी-बाईंसाठी)

आधी टाचण काढा. त्यात ‘भाकरी’ हवीच, त्याशिवाय अपूर्णांक सुरू होत नाहीत. खरी भाकरी मात्र आणू नका. ती मोडताना ‘तुझा तुकडा मोठा!’ म्हणून पोरं भांडतात. म्हणजे भाग समान हवेत हे त्यांना आधीच ठाऊक असतं, मग तुम्ही शिकवणार काय? त्यापेक्षा फळ्यावर वर्तुळ काढा, चार भाग करा, एक रंगवा: एक छेद चार. वर्षभर वर्तुळच. संख्यारेषा चुकूनही नको. पाऊण ही शून्य आणि एकच्या मधली संख्या आहे, असं भलतंच काही पोरांच्या लक्षात यायचं.

घरचं गणित चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायला लावा. पावणेदोनची एसटी न चुकवणारं मूल वहीत पावणेदोन म्हणजे २ ३/४ लिहितं. ‘दोन वाजायला किती कमी?’ एवढं विचारलं तर ते स्वतःच खोडून १ ३/४ करेल. विचारू नका. लाल फुली मारून पुढे चला.

आजोबांना वर्गात येऊ देऊ नका. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच त्या पिढीनं घोकलेत. तुम्ही खडू शोधेपर्यंत ते सात साडेतीन साडेचोवीस सांगून मोकळे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. हिशेबाला हे पाढे लागायचेच. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पाढे माळ्यावर गेले. (अर्थ न कळता घोकलेले पाढेही पुष्कळ होते, पण आजोबांसमोर हे बोलायचं नाही.)

बेरीज. १/२ + १/३ = २/५ असं निम्मा वर्ग लिहील. अर्ध्यात भर घालून उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं, हा प्रश्न घातक आहे. नुसतं ‘समच्छेद कर’ म्हणा. भागाकाराला ‘उलट कर आणि गुण’. अर्ध्यात पाव किती वेळा बसतो, हे विचारलं तर चिमुरडीही ‘दोनदा’ म्हणेल आणि उलटण्याचं गुपित फुटेल.

केंद्रप्रमुख आले की पुठ्ठ्याचं वर्तुळ पुढे करा. त्याच्या चारांतला एक भाग हरवला असेल, तर पाऊण शिकवतोय म्हणून सांगा.