हँडलचे अव्वल कारकून

सेवानिवृत्त अव्वल कारकुनाने उरलेल्या आयुष्याचे काय करावे, याविषयी सरकारने अद्याप एकही परिपत्रक काढलेले नाही. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्वतंत्र झाला, तेव्हापासून त्याच्या निरनिराळ्या तहसील कचेऱ्यांतून निवृत्तिवेतनाचे कागद काखोटीला मारून जी मंडळी बाहेर पडली, त्यांपैकी काहींनी मोसंबीची बाग धरली, काहींनी राजूरच्या गणपतीची चतुर्थी धरली, आणि ज्यांच्या अंगी फिर्याद ऐकण्याची सवय इतकी मुरलेली होती की ती सुटताच प्रकृती ढासळावी, अशा काही विलक्षण जीवांनी मोटारसायकलीच्या गॅरेजबाहेरचा बाक धरला. या शेवटच्या जातीचा एक अस्सल नमुना अंबड चौफुलीच्या अलीकडे, एका लिंबाच्या सावलीत, कैक वर्षे माझ्या पाहण्यात आहे. सारे त्यांना अण्णा म्हणतात. गॅरेजच्या मिस्त्रीने त्यांना कधी नेमले नाही, म्हणून काढून टाकण्याचाही प्रसंग कधी आला नाही.

इंजिन, क्लच, कार्ब्युरेटर इत्यादी क्षुद्र बाबींत अण्णांना रस नाही. त्यांच्यापुढे प्रकरण चालते ते एकच, हँडलच्या थरथरीचे. साठ-सत्तरच्या वेगात, मोकळ्या रस्त्यावर, ॲक्सिलरेटर सोडून आपण तोंडावरचा रुमाल सावरण्यासाठी एक हात काढावा, आणि त्याच क्षणी पुढचे चाक सेकंदाला सहा ते दहा वेळा डावे-उजवे करीत सुटावे, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला या रोगाचे वर्णन नको. आणि ज्याने घेतलेला नाही त्याला ते खरे वाटावयाचे नाही. केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपलने १८९९ साली सायकलच्या तोलाचे गणित मांडले, आणि १९७१ साली रॉबिन शार्प या इंग्रज संशोधकाने मोटारसायकलीचे गणित सोडवून दाखविले की, पुढच्या चाकाची ही चपळ थरथर वेगळी आणि अख्खी गाडी सेकंदाला दोन-तीन वेळा सावकाश झुलते ते झुलणे वेगळे. अण्णांनी या दोन्ही गृहस्थांची नावे ऐकलेली नाहीत. तथापि थरथर ही फौजदारी बाब आणि झुलणे ही दिवाणी, असा भेद ते प्रथमपासून करीत आले आहेत.

गतवर्षी एका बियाणे कंपनीचा तरुण प्रतिनिधी असाच दाखल झाला. जालना हे बियाण्यांचे गाव. ज्या महिको कंपनीने गावाचे नाव देशभर नेले ती येथे १९६४ साली निघाली, आणि तेव्हापासून नमुन्यांच्या पिशव्या पाठीशी बांधून गावोगाव हिंडणारी पोरे हा इथल्या रस्त्यांचा अलंकारच झाला आहे. समृद्धी महामार्ग गावाला लागून गेला खरा, पण त्याच्यावर दुचाकीस मज्जाव असल्याने या पोरांची परीक्षा अद्याप जुन्याच रस्त्यांवर होते.

"अण्णा, सत्तरच्या पुढं गेलं की हँडल नाचायलंय. डॅम्पर मागवलाय. मिस्त्रीला बसवायला सांगा."

"कधीपासून नाचायलंय?"

"दिवाळीपासून असंल."

"दिवाळीच्या आधी की नंतर? असंल-बिसंल नको. नीट आठवून सांग."

जबानी अशी पुरी झाल्यावर अण्णांनी डॅम्परचे खोके मागून घेतले आणि त्या चकचकीत नळीकडे प्रथमदर्शनी अत्यंत आदराने पाहिले. तो आदर खोटा नव्हता. डॅम्परच्या नळीत तेल असते, तेलात एक दट्ट्या असतो आणि तेलाला जावयास एक अरुंद छिद्र. हँडल सावकाश वळविले तर तेल निमूटपणे वाट देते, झटका दिला तर तेच तेल भिंतीसारखे आडवे येते. "म्हणजे हा आमच्याच खात्यातला," अण्णा म्हणाले. "हळू आलेला कागद पुढं सरकवायचा, धसमुसळ्याचा अडवायचा." जुन्या बुलेटच्या हँडलच्या मध्यावर जी चक्री असे, तिच्यावर मात्र त्यांचा विश्वास नाही, कारण ती पिळली की तिच्यातील चकत्यांचे घर्षण हळू येणाऱ्यालाही अडवी आणि घाईने येणाऱ्यालाही, आणि असा निर्विकार कारकून त्यांच्या मते कचेरीचा सत्यानाश करतो.

परंतु नळीचा एवढा गौरव करून झाल्यावर त्यांनी ती खोक्यात परत ठेवली. "हा प्रकरण प्रलंबित ठेवील. निकाली काढणार नाही. आधी पंचनामा."

पंचनाम्याला दीड तास लागला. पुढच्या टायरची हवा पाहिली, झीज एका बाजूला सरकली आहे का ते बोटांनी चाचपले, चाक फिरवून रिमजवळ काडी धरली, मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांच्या साखळीच्या खुणा जुळतात की नाही याची रुजुवात घेतली. मग गाडी मोठ्या स्टँडवर चढवून मिस्त्रीने मागून दाबून धरली, पुढचे चाक अधांतरी झाले, आणि अण्णांनी जमिनीवर मांडी घालून शॉकअपचे दोन्ही पाय खालून धरून आपल्याकडे ओढले. टक् असा सूक्ष्म ध्वनी आला. त्या ध्वनीने त्यांच्या मुद्रेवर जे समाधान पसरले, ते मी एरवी केवळ लग्नाच्या पंगतीत, जिलबीचे ताट फिरू लागल्यावर पाहिले आहे. कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतले गोळ्यांचे बेअरिंग, ढिला होता. नंतर हँडल हलकेच फिरविले, तर अगदी मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकले; कारण गाडी बहुतेक सरळच चालते आणि गोळ्या वर्षानुवर्षे एकाच जागी आदळून खळगे पाडतात. अशा कोनसेटला नुसते आवळणे म्हणजे, अण्णांच्या भाषेत, खाडाखोडीवर शिक्का मारणे. तो बदलावाच लागतो, आणि नवाही फाजील आवळला तर गाडी संथ चालीत मद्यप्यासारखी चालते. डाव्या शॉकअपचे सील गळत होते, म्हणजे एका पायात तेल कमी, एकात पुरेसे. पोराला गाडीवर बसवून, शॉकअपच्या नळीवर कचेरीतल्या शिलकी रबरबँडांपैकी एक चढवून, दांडी किती दबते हेही मोजले. एकूण खेळाच्या सुमारे तिसरा हिस्सा दबावी, ती जवळजवळ अर्धी दबत होती.

शेवटी अण्णा गाडीच्या मागे गेले आणि तेथे कॅरियरवर, मागच्या आसाच्याही मागे बांधलेली, कपाशीच्या नमुन्यांची ती अजस्र पेटी पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे, हे वझं मागं आन् पुढचं चाक हवेत! नाचंल नाही तर काय करंल ते?"

मागचे शॉकअप पहिल्याच, सर्वांत नरम खाचेत होते, म्हणजे गाडीचा मागचा भाग बसलेला आणि पुढचा आणखी हलका. पेटीतला निम्मा माल उतरविण्याचे फर्मान सुटले, शॉकअपची कडी चौथ्या खाचेत गेली, कोनसेट नवा आला, दोन्ही पायांत तेल समान भरले. शिवाय तोंडी ताकीद मिळाली की, पुन्हा कधी नाचले तर ब्रेकवर उभे राहू नये, हँडलशी कुस्ती खेळू नये, गुडघ्यांनी टाकी आवळून, अंग पुढे झुकवून वेग आपसूक उतरू द्यावा. पोराने सर्व ऐकून घेतले आणि शेवटी डॅम्परही बसवूनच घेतला. मोजलेले पैसे वाया जाऊ देणे त्याच्या धर्मात बसेना. नळीवरची फिरकी त्याने मोठ्या हौसेने शेवटच्या खटक्यापर्यंत आवळली आणि मिस्त्रीचे पैसे देण्यासाठी तो आत गेला.

त्या दोन मिनिटांत अण्णांनी सभोवार पाहिले. मी वर्तमानपत्रात तोंड खुपसलेले होते, म्हणजे त्यांच्या हिशेबी तेथे कोणी नव्हते. एकेक खटका मोजीत त्यांनी फिरकी उलट फिरविली, पार शून्यापर्यंत, आणि पुन्हा बाकावर येऊन बसले.

पोरगा मंठ्यापर्यंत जाऊन संध्याकाळी परतला. गाडी स्टँडवर लावण्यापूर्वीच तो ओरडला, "अण्णा, नव्वदला बी हललं नाही! मी म्हणलंच होतं, डॅम्पर म्हणजे डॅम्पर!"

अण्णांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली.

"बरं झालं," ते म्हणाले.