काडतूसशास्त्री

पेनसिल्व्हेनियात घर घेतलेल्या मराठी माणसाला शेजारधर्म म्हणून तीन विषयांवरची व्याख्यानं ऐकावी लागतात: गवत कापायचं यंत्र, मालमत्ता कर आणि काडतुसं. पहिल्या दोनांतून मान डोलावून सुटता येतं. तिसऱ्यातून नाही. ह्या राज्यात हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस म्हणजे सण. पूर्वी तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी यायचा आणि गावोगावच्या शाळा त्या दिवशी बंद असायच्या. २०१९मध्ये सरकारने तो शनिवारवर आणला, त्याचा राग काही म्हाताऱ्यांच्या पोटात अजून आहे.

अशा राज्यात गल्लीगणिक एक काडतूसशास्त्री सापडतो. वय पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे. मुलं कॉलेजात गेलेली, घराचं कर्ज आवाक्यात आलेलं, गुडघे अजून शाबूत. दुकानात तयार मिळणारी रायफल त्याला आता चालत नाही. त्याला ती बनवून घ्यायची असते. नळी एका कारखान्याची, दस्ता दुसऱ्याचा, चाप तिसऱ्याचा, आणि हे सगळं जुळवून देणारा गनस्मिथ चार गावं पलीकडचा.

हा गनस्मिथ मितभाषी असतो. तो एकच प्रश्न विचारतो, "कुठल्या काडतुसाची?" त्याचंही बरोबर आहे. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याचं घर कोरायचं, तर प्रत्येक काडतुसाचं कोरायचं हत्यार, म्हणजे रीमर, वेगळं. बोल्टचं तोंड केवढं, मॅगझिन किती लांब, नळीतला पीळ किती इंचांत एक वेढा घेणार, हे सगळं त्या एका उत्तरावर अडलेलं. उत्तर मिळाल्याशिवाय तो पोलादाला हात लावत नाही. आणि शास्त्रीबुवा उत्तर देत नाहीत.

त्यांच्या स्वयंपाकघरातलं टेबल बघण्यासारखं असतं. रिकामी पितळी काडतुसं उंचीप्रमाणे ओळीने उभी, शेजारी कॅलिपर, लॅपटॉपवर उघडा तक्ता. त्या तक्त्याचे रकाने मोजायला सुरुवात करू नये.
"मीठ कुठे गेलं?" बायको विचारते.
"सिक्स-पॉइंट-फाइव्हच्या मागे," शास्त्रीबुवा मान वर न करता सांगतात.

मग आपल्याकडे वळून ते दोन काडतुसं उचलतात. एक .२७० विंचेस्टर, एक .२८० रेमिंग्टन. दोन्ही जवळपास एकाच पितळातून निघालेली. मूळ घर .३०-०६चं, मान आवळून बारीक केलेली. गोळ्यांच्या जाडीत फरक सात हजारांश इंचाचा, म्हणजे ०.१८ मिलिमीटर. डोक्यावरचे दोन-तीन केस एकावर एक ठेवले की तेवढं भरतं. ते ठेवून बघण्याइतके केस आता शास्त्रीबुवांकडे नाहीत, पण वाद मात्र .२८० बाजारात आलं त्या १९५७ सालापासून चालू आहे आणि बुवा तो पूर्वसूरींच्या निष्ठेने पुढे नेतात.

कारण ह्या विद्येत आपल्या गाण्यासारखी घराणी आहेत. एक जॅक ओ'कॉनरचं. हा गृहस्थ आधी अ‍ॅरिझोनात पत्रकारितेचा प्राध्यापक, पुढे 'आउटडोअर लाइफ' मासिकाचा बंदूक-संपादक. १९२५ साली निघालेल्या .२७०ची त्याने आयुष्यभर तरफदारी केली. गोळी हलकी, वेग मोठा, नेम नाजूक. दुसरं घराणं आयडाहोच्या एल्मर कीथचं. डोक्यावर भलीमोठी हॅट, आणि मत एकच: गोळी जाड हवी, जड हवी, बाकी बोलू नका. दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. दोघेही केव्हाच गेले, तरी शिष्य अजून गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचे तेवढे बाकी असतात.

ह्या पंगतीत २००७मध्ये ६.५ क्रीडमोर येऊन बसलं आणि जुन्यांचा तोल गेला. त्याचा अपराध काय, तर ते नेमकं लागतं, खांद्याला धक्का कमी देतं आणि नवशिक्या पोरालाही जमतं. चाळीस वर्षं खांदे सुजवून मिळवलेली प्रतिष्ठा अशी पोरासोरांच्या हाती जाताना कोणाला बघवेल? शास्त्रीबुवा चारचौघांत त्याची टिंगल करतात. एकांतात मात्र १४३ ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला २७०० फुटांनी सुटते, वाऱ्याने फारशी सरकत नाही, हे आकडे हलक्या आवाजात बोलून दाखवतात. स्वीडनचे लोक १८९४ सालच्या आपल्या ६.५वर शतकभर मूससारखं धिप्पाड जनावर पाडत आलेत, हे कोणी मध्येच सांगितलं तर त्यांना आवडत नाही. सोपं उत्तर फार जुनं असलं की त्यातली मजा जाते.

बरं, एकदाचं मन बसतंय असं वाटलं की कंपन्या हात धुऊन मागे लागतात. क्रीडमोरवर शिक्कामोर्तब होणार, तोच २०१८मध्ये ६.५ पीआरसी आलं. त्याच व्यासाचं, पण अंगाने भरलेलं आणि वेगाने पुढचं. त्याची सवय होते न होते तोच २०२२मध्ये ७ एमएम पीआरसी. शास्त्रीबुवांनी तक्त्यात नवा रकाना घातला आणि गनस्मिथला कळवलं, "जरा थांब." तो थांबलेलाच होता.

मला ह्या चर्चेत एकदाच भाव मिळाला. मी भारतातला म्हटल्यावर त्यांनी वाघांचं विचारलं आणि मी जिम कॉर्बेटचं नाव काढलं. बुवा खुर्चीत सरसावून बसले. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७मध्ये कॉर्बेटला भेट मिळालेली रायफल .२७५ रिग्बी, आणि .२७५ रिग्बी म्हणजे इंग्रजी कोट घातलेलं जर्मन ७×५७ माउझर, हे त्यांनी मलाच ऐकवलं. तक्त्यात ७×५७चा रकाना वाढला. "तुमच्याकडे आता कुठलं काडतूस वापरतात?" त्यांनी आदराने विचारलं. मी म्हटलं, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आमच्याकडे हा प्रश्न निकालात काढला. त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की मला माझ्याच लोकशाहीची दया आली.

"पण हरीणच मारायचंय ना?" असं विचारण्याची चूक करू नये. हरणाला काहीही चालतं, हे त्यांनाही मान्य आहे. "पण समजा, एल्कचा परवाना लागला तर?" एल्क म्हणजे हरणाचाच थोराड भाऊबंद, आणि त्याचे परवाने सोडतीने मिळतात. पेनसिल्व्हेनियातच एल्कची शिकार २००१पासून पुन्हा सुरू झाली, पण अर्ज ढीगभर आणि परवाने मूठभर. शास्त्रीबुवांना तो कधी लागलेला नाही. तरीही त्यांच्या काडतुसाला एल्क पेलला पाहिजे. एल्क आला की कोलोरॅडो आला, आणि तिथे डोंगराच्या ह्या अंगावरून त्या अंगावर सहाशे यार्डांचा नेम आला. मग अलास्का, मग अस्वल. अस्वलापाशी पोचलं की .३०० विंचेस्टर मॅग्नमची गोष्ट निघते. ते त्यांनी एका मित्राच्या रायफलीतून झाडून पाहिलेलं असतं. "धक्का म्हणशील तर काही विशेष नाही," असं सांगताना त्यांचा डावा हात आपोआप उजवा खांदा चोळत असतो.

इथलं जंगल बघा म्हणजे सहाशे यार्डांची गंमत कळेल. ओक, हेमलॉक आणि मधूनमधून माउंटन लॉरेलची अशी गचपणं की ऐंशी यार्डांवर उभा असलेला माणूस दिसावा म्हणून कायद्याने त्याच्या डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड सांगितलंय. हरणाला असा नियम नाही. ते दिसतं तेव्हा पुढ्यातच असतं.

शास्त्रीबुवांच्या सासूबाईंना हे ठाऊक आहे. वय सत्तरीपुढचं, वडिलांची जुनी विंचेस्टर आणि तिचं .३०-३०, म्हणजे १८९५ सालचं काडतूस. गोळी किती ग्रेनची हे त्यांना सांगता येत नाही. वाण्याला माहीत आहे, म्हणतात. शनिवारी पहाटे कॉफीचा थर्मास घेऊन त्या शेताच्या बांधाशी बसतात, साधारण पन्नास पावलांवर हरीण येतं, आणि जावई नाश्त्याला परत येईपर्यंत ते गोदामात उलटं टांगलेलं असतं. जावयाबद्दल त्या वाईट बोलत नाहीत. "त्याचं अजून ठरतंय," एवढंच सांगतात.

आणि शास्त्रीबुवा? तेही रिकाम्या हाताने परत येत नाहीत, ही खरी मौज. दरवर्षी ते एक साधी, दुकानातून आणलेली .३०८ घेऊन जातात. दस्त्यावर ओरखडे, पट्ट्याला गाठ. ती कुठली म्हणून विचारलं की किंचित ओशाळून सांगतात, "ही तात्पुरती आहे." ह्या तात्पुरतीने त्यांची मुलं लहान असल्यापासून फ्रीझर भरलाय. १९५२ सालचं हे काडतूस गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, नळी लवकर झिजवत नाही, खांदा दुखवत नाही. त्यांच्याच तक्त्यात त्याला सर्वांत जास्त गुण आहेत. पण तयार रायफलीने फक्त हरीण मारता येतं. न ठरलेल्या रायफलीने मनातल्या मनात एल्क, मूस, अस्वल, आणि मी भेटल्यापासून बहुधा चंपावतची वाघीणसुद्धा.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी इकडे असेल आणि शेजारच्या घरी कॉफीला जाण्याचा प्रसंग येऊन तुम्हाला मत विचारलंच गेलं, तर सरळ "थर्टी-ऑट-सिक्स" म्हणा. १९०६ सालापासून हे उत्तर कोणालाही चुकीचं ठरवता आलेलं नाही. फक्त "किती ग्रेनची गोळी?" हा पुढचा प्रश्न यायच्या आत कोट अंगात चढवून बाहेर पडा.